वर्तणूक : चांगली

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दोन रकाने असतात : अभ्यासातील प्रगती आणि वर्तणूक. माझ्या दाखल्यावर पहिल्यात ‘समाधानकारक’ आणि दुसऱ्यात ‘चांगली’ असं निळ्या शाईत लिहिलंय. माझ्या भावाच्या दाखल्यावरही तेच आहे, आणि आमच्या वर्गातल्या ज्या मित्राचं निम्मं वर्ष बाकावर उभं राहण्यात गेलं त्याच्याही दाखल्यावर तेच. याबद्दल कुणाची तक्रार नसते, कारण ते रकाने कुणी वाचत नाही. पुढची वाट मार्कांवर ठरते. दहावीची टक्केवारी, मग सीईटी नाहीतर जेईई, मेरिट लिस्ट, कॅपच्या फेऱ्या आणि शेवटी ओरिजिनल कागदांची फाईल घेऊन कॉलेजच्या खिडकीपुढे रांग. या सगळ्या वाटेवर मुलाच्या शिक्षकाला गाठून कुणी विचारत नाही, की हा मुलगा कसा आहे, तुम्ही त्याला काय करताना पाहिलंत.

मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा नोकरीला लागून तीनेक वर्षं झाली होती. मी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला शिकवतो. काँक्रीट हा माझा विषय. शेवटच्या वर्षाचा एक मुलगा तीन कोरी पाकिटं घेऊन केबिनमध्ये आला. एमएससाठी अमेरिकेला अर्ज करत होता. तेव्हा पत्रं कागदावर जायची. कॉलेजच्या लेटरहेडवर टाइप करायचं, पाकीट चिकटवायचं आणि त्याच्या तोंडावर आडवी सही करायची, म्हणजे वाटेत कुणी उघडलं तर कळावं. सोबत एक फॉर्म होता. हे पत्र पुढे कधी वाचायला मागण्याचा माझा हक्क मी सोडतो, असं लिहून त्याखाली मुलाने सही केलेली होती. अमेरिकेत 1974 साली झालेल्या कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःच्या नोंदी पाहण्याचा हक्क दिला. मग शिक्षकाला मोकळेपणी लिहिता यावं म्हणून शिफारसपत्रापुरता तो हक्क विद्यार्थ्याने आपणहून सोडायचा, अशी पद्धत पडली. एवढी सगळी तजवीज एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाला खरं ते सांगावं यासाठी होती. आणि पाकिटात मी जे पत्र घातलं, ते त्या मुलानेच लिहून, टाइप करून आणलेलं होतं.

‘तूच ड्राफ्ट करून आण, मी बघून सही करतो.’ हे वाक्य मी माझ्या सिनिअर सरांकडून उचललं होतं. त्यांनी ते आणखी कुणाकडून उचललं असेल. आजही नोव्हेंबर उजाडला की कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या स्टाफरूममध्ये ते दिवसातून चारदा ऐकू येतं. असं म्हणणारे शिक्षक कामचुकार असतात असं अजिबात नाही. साठ मुलांचा वर्ग, त्यात प्रॅक्टिकलच्या बॅचेस, सुपरव्हिजन, पेपर तपासणी, अ‍ॅक्रेडिटेशनच्या फायली. शिवाय इंग्रजीत चार परिच्छेद मनापासून लिहायचे म्हटलं की आमच्यातल्या अनेकांचा हात अडखळतो, माझाही अडखळायचा. पण अर्जात मार्कशीट विद्यापीठाची असते, जीआरईचा स्कोअर परीक्षेचा असतो, एसओपी मुलाने स्वतःबद्दल लिहिलेली असते. दुसऱ्या माणसाने त्या मुलाकडे पाहून लिहिलेला एकच कागद असतो, तो हा. बहुतेक विद्यापीठं असे तीन मागतात. ते तिन्ही मुलगाच लिहून आणतो, तेव्हा तिथे बसलेल्या माणसाच्या हातात त्या मुलाने स्वतःबद्दल लिहिलेले चार कागद पडतात.

असं मी किती वर्षं केलं, ते सांगायला आज जड जातं. बरीच वर्षं केलं. ड्राफ्ट एकाच साच्यातले असायचे. पहिलं वाक्य ‘इट गिव्ह्ज मी इमेन्स प्लेझर’, शेवटी ‘अ‍ॅसेट टू युवर इन्स्टिट्यूशन’, आणि मध्ये हार्डवर्किंग, सिन्सिअर, टीम प्लेअर. एलओआरची, म्हणजे शिफारसपत्रांची, एक फाईल पेन ड्राइव्हवरून एका बॅचकडून पुढच्या बॅचकडे जायची, आणि मुलं नाव, रोल नंबर आणि प्रोजेक्टचा विषय बदलायची. मी स्पेलिंग तपासून सही करायचो. मुलाचं भलं होतंय, आपलं काय जातंय, असंच वाटायचं.

मग एक ईमेल आली. तोवर कागदी पत्रं जाऊन ऑनलाइन लिंक आल्या होत्या. तिकडच्या एका प्राध्यापकाने थेट मला चार ओळी लिहिल्या होत्या. तुमच्या पत्रात म्हटलंय की फ्लाय अ‍ॅशच्या मिक्समध्ये आलेली एक अडचण या विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने सोडवली. माझ्याकडे एका रिसर्च असिस्टंटची जागा आहे आणि काम नेमकं याच विषयावरचं आहे. अडचण काय होती आणि त्याने ती कशी सोडवली, हे कृपया कळवाल का?

मला ती अडचण माहीत नव्हती. मुलाला बोलावून घेतलं. तो खाली मान घालून म्हणाला, “सर, ते आधीच्या बॅचच्या एलओआरमध्ये होतं. चांगलं वाटलं म्हणून तसंच ठेवलं.” मी त्याला काही बोललो नाही. काय बोलणार? सही माझी होती. दोन दिवस मी उत्तर लांबवलं आणि शेवटी गोलगोल काहीतरी लिहून पाठवलं. त्याला ती जागा मिळाली नाही. ती माझ्या उत्तरामुळेच गेली का, हे सांगता येणार नाही. पण असिस्टंटशिप म्हणजे तिकडे फी माफ आणि वर दरमहा पैसे. त्याच्या वडिलांनी राहतं घर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलं होतं. एका शिक्षकाने मला सरळ प्रश्न विचारला होता, त्याच्या उत्तरावर एका घराचं ओझं हलकं होऊ शकलं असतं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो मुलगा दोन वर्षं माझ्या समोर बसला होता. त्या दोन वर्षांत त्याने काही ना काही तर केलं असेलच. मी ते पाहिलं नव्हतं.

त्या वर्षापासून मी ड्राफ्ट घेणं बंद केलं. मुलांना सांगितलं, तुमची मार्कशीट द्या, एसओपी द्या, माझ्यासमोर खुर्चीत अर्धा तास बसा. पत्र मी लिहिणार. पुढच्या हिवाळ्यात एक मुलगी आली, तिच्यासाठी मी पहिलं पत्र स्वतः लिहिलं. त्याला चार रात्री लागल्या. पहिल्या तीन रात्री ‘हार्डवर्किंग’च्या पुढे गाडी जाईना. चौथ्या रात्री तिची एक गोष्ट आठवली.

काँक्रीटची ताकद तपासायला 150 मिलिमीटरचे ठोकळे करतात, त्यांना आम्ही क्यूब म्हणतो. साच्यात ओतायचे, दुसऱ्या दिवशी काढून पाण्याच्या टाकीत ठेवायचे, आणि 28 दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडायचे. तीन क्यूबची सरासरी घेतात. एखाद्याचं रीडिंग सरासरीपासून 15 टक्क्यांहून जास्त लांब गेलं, तर तो संच धरत नाहीत. तिच्या ग्रुपचे आकडे आले 610, 595 आणि 445 किलोन्यूटन. अशा वेळी मुलं काय करतात ते आम्हाला ठाऊक असतं. 445 चे 580 होतात, जर्नल छापलं जातं, सबमिशनला सही मिळते. ही मुलगी मात्र जमिनीवर बसून फुटलेल्या क्यूबचे तुकडे गोळा करत होती. नीट फुटलेला क्यूब डमरूसारखा उरतो; हा एका बाजूने ढासळला होता. मशीनच्या पाट्याला टेकलेला तुकडा तिने उलटून पाहिला, तर त्यावर थापीच्या खुणा. क्यूब ओतताना जी बाजू वर असते, ती आपण थापीने सारखी करतो, पण साच्याला टेकलेल्या बाजूंइतकी ती गुळगुळीत होत नाही. म्हणून दाब द्यायचा तो साच्याच्या समोरासमोरच्या बाजूंवर. यांच्यातल्या कुणीतरी क्यूब न फिरवता तसाच उभा ठेवला होता. दाब सगळीकडे सारखा बसला नाही आणि क्यूब लवकर गेला. तिने जर्नलमध्ये 445 तसेच ठेवले आणि खाली पाच ओळींत कारण लिहिलं.

हे सगळं मी तेव्हा पाहिलं होतं, मशीनच्या पलीकडे उभा राहून. आणि त्या जर्नलला मी दहापैकी सात दिले होते, कारण ‘रिझल्ट’ आला नव्हता. जुळवून आणलेल्यांना आठ आणि नऊ मिळाले होते. पत्र लिहिताना मला ते सातही आठवले. पत्रात मी तेही लिहिलं : की या प्रॅक्टिकलला मी तिला कमी गुण दिले, आणि ती चूक माझी होती. बाकी पत्रात फारसं काही नव्हतं. दोन परिच्छेद, एक क्यूब. तिला प्रवेश मिळाला, चांगल्या ठिकाणी मिळाला. पत्रामुळे मिळाला असा दावा मी करत नाही. तिचे गुणही उत्तम होते.

या पत्रांसोबत एक तक्ता भरायचा असतो, आणि पत्रापेक्षा मला त्याचीच जास्त धास्ती वाटते. बुद्धी, चिकाटी, प्रामाणिकपणा, लेखन अशा ओळी, आणि पुढे चौकटी : सरासरी, सरासरीहून चांगला, पहिल्या 10 टक्क्यांत, पहिल्या 5 टक्क्यांत, पहिल्या 1 टक्क्यात. पूर्वी मी डोळे मिटून शेवटच्या चौकटीत खूण करायचो. सगळेच करतात. एकदा हिशेब मांडला. वर्षाला साठ मुलं, बावीस वर्षं, म्हणजे तेराशेच्या वर. त्यातला 1 टक्का म्हणजे तेरा जण. त्या तेरा जणांची नावं एका कागदावर लिहायला बसलो, तर आठाला थांबलो. आणि तोवर शेवटच्या चौकटीत मी कितीतरी जणांना बसवून मोकळा झालो होतो. आता खूण करताना हा कागद समोर ठेवतो. ज्याला 10 टक्क्यांत बसवतो, त्याच्यासाठी वाईट वाटतं, कारण शेजारच्या केबिनमधून त्याला 1 टक्का मिळालेला असतो. तरी खूण तिथेच करतो.

‘शिफारस’ या आपल्या शब्दालाच वशिल्याचा वास लागलाय. आपल्याकडे शिफारस म्हणजे साहेबांची चिठ्ठी, आमदारांचा फोन, ‘आपलाच मुलगा आहे, बघून घ्या’. चिठ्ठी देणाऱ्याने मुलाला पाहिलेलंही नसतं. चिठ्ठीवर वजन असतं ते देणाऱ्याचं. म्हणून चांगले पालकही मला सांगतात, “सर, एचओडींची सही मिळाली तर जास्त चांगलं ना? किंवा प्रिन्सिपॉल सरांची?” मी त्यांना सांगतो, की प्राचार्यांनी तुमच्या मुलाला गॅदरिंगच्या स्टेजवर सोडून कुठे पाहिलंय? त्यांना ते पटत नाही.

याच मातीत दुसऱ्या तऱ्हेची शिफारसही झालेली आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी पाहिलं. केळुसकर विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि मुलगा एल्फिन्स्टन हायस्कूलचा, म्हणजे तो त्यांच्या वर्गातलाही नव्हता. त्यांनी त्याची चौकशी केली, त्याला पुस्तकं दिली. 1907 साली तो मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढे कॉलेजच्या खर्चाला पैसा पुरेना, तेव्हा ते त्याला सयाजीराव महाराजांसमोर घेऊन गेले. महाराजांनी मुलाला प्रश्न विचारले आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे कोलंबिया विद्यापीठातून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला जाताना त्यांच्यासाठी प्रा. सेलिग्मन यांनी प्रा. फॉक्सवेल यांना पत्र लिहिलं. ते नेहमीच्या अर्थाने शिफारसपत्र. पण मला केळुसकरांच्या त्या बागेतल्या पाहण्याचं मोल त्याहून जास्त वाटतं. त्यांच्यापाशी ना लेटरहेड होतं, ना अधिकाराची खुर्ची. हा मुलगा रोज वाचत बसतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

मी काही जणांना नाही म्हणतो, आणि ते अजून नीट जमत नाही. “तू माझ्या वर्गात होतास, हजेरीला तुझं नाव मी घेतलंय, पण तुझ्याबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नाही,” हे एखाद्या मुलाच्या तोंडावर सांगायचं. त्याचा चेहरा पडतो. मग मी विचारतो, तुला कुणी ओळखतं? सर्व्हे कॅम्पला कुणाबरोबर होतास? इंटर्नशिपला साइटवर कोण होतं? बहुतेक वेळा कुणीतरी निघतं. कधीकधी नाहीच निघत. इंजिनिअरिंगची चार वर्षं काढलेल्या मुलाला नावाने ओळखणारा एकही शिक्षक कॉलेजात नसतो, आणि त्यात दोष त्या मुलाचा एकट्याचा नसतो.

बारावीनंतर थेट परदेशी जाणाऱ्यांची अवस्था याहून वाईट. माझी एक मैत्रीण ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवते. एमआयटीसारखी संस्था एक पत्र गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचं मागते आणि दुसरं भाषा किंवा समाजशास्त्रांच्या शिक्षकाचं. त्यामुळे अधूनमधून एखादी आई हिच्याकडे येते. मुलगा दोन वर्षं इंटिग्रेटेड क्लासला असतो, कॉलेजात त्याचं फक्त नाव. “परीक्षेला आला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा पाहिलं, आणि आता त्याच्या जिज्ञासेबद्दल लिहायचंय,” हे मला सांगताना तिचा आवाज चढला होता. तिच्या विषयाबद्दल कुणीतरी विचारलं, याचा आनंदही तिला धड घेता आला नाही.

मी माझ्यापुरती एक वही केली आहे. दोनशे पानी, लॅबच्या टेबलाच्या खणात असते. प्रॅक्टिकल संपलं की दोन-चार ओळी : आज कुणी काय विचारलं, कोण थांबलं, कुणी साच्यांना तेल लावलं, कुणी दुसऱ्याचं रीडिंग छापलं. काही दिवस रिकामेही जातात. तरी गेल्या काही वर्षांत त्या वहीने मला कितीतरी पत्रं दिली. अलीकडे मी काही न मागताही मुलं मसुदे आणतात, एआयने लिहून दिलेले, इंग्रजी एकदम सफाईदार. मी ते वाचतो. त्यात क्यूब नसतो.

आणि वहीतही जे नसतं, ते आमच्या लॅबच्या मामांकडे असतं. तीस वर्षं ते टाकीचं पाणी बदलतायत, साचे घासतायत, मशीन चालवतायत. मुलं आमच्यासमोर वागतात ते वेगळं आणि मामांसमोर वागतात ते वेगळं. पत्रावर त्यांची सही चालत नाही. म्हणून दर डिसेंबरला चहाच्या वेळी मी नावांची यादी घेऊन त्यांच्यापाशी बसतो.

मागे, 2024 च्या डिसेंबरात, त्या यादीत एक मुलगा होता. मागच्या बाकावरचा, अबोल, दोन विषय राहून मग सुटलेले. वहीत त्याच्याबद्दल एकच ओळ होती, तीही उशिरा आल्याची. मी त्याला नाहीच म्हणणार होतो. मामांना नाव सांगितलं, तर ते लगेच म्हणाले, “तो ना? दिवाळीत आलेला सर.”

झालं असं होतं, की त्याच्या बॅचने 2023 च्या ऑक्टोबरात क्यूब ओतले आणि अठ्ठाविसावा दिवस दिवाळीच्या सुट्टीत आला. बाकीच्यांनी सुट्टीनंतरच्या मंगळवारी, 21 नोव्हेंबरला, क्यूब फोडले आणि जर्नलमध्ये 28 दिवस लिहिले. हा मुलगा मामांच्या घरी गेला, रीतसर परवानगीची चिठ्ठी घेऊन, आणि लॅब उघडून मागितली. मामांनी सणाच्या दिवशी येऊन लॅब उघडली. दोघांनी मिळून तिन्ही क्यूब टाकीतून काढले, पुसले, वजन केलं, फोडले. मग मामांनी डब्यातून आणलेल्या करंज्या दोघांनी खाल्ल्या. परवानगीच्या चिठ्ठीवर सही माझीच होती. सुट्टीआधीच्या गडबडीत ती मी न वाचता केली असणार.

पत्र मी त्याच रात्री लिहिलं. अर्जाची मुदत तिकडच्या 15 तारखेच्या रात्री 11 वाजून 59 मिनिटांपर्यंत होती, म्हणजे आपल्याकडे 16 डिसेंबरच्या सकाळी 10 वाजून 29. साडेनऊला लॅबमध्ये जाऊन मामांना ते मराठीत वाचून दाखवलं, कारण त्यातलं सगळं पाहिलेलं त्यांचं होतं, आणि तसं मी पत्रात नमूदही केलं होतं. ते स्टुलावर बसून ऐकत होते. भाऊबीजेच्या दिवशी तो आला, या वाक्याला त्यांनी हात वर केला.

“भाऊबीज नव्हे सर. पाडवा होता. भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो होतो.”

आम्ही रजिस्टर काढलं. क्यूब ओतल्याची नोंद होती 17 ऑक्टोबर, मंगळवार. बोटांवर दिवस मोजले. अठ्ठाविसावा दिवस आला 14 नोव्हेंबर. कॅलेंडरच्या जुन्या पानावर पाहिलं, पाडवाच होता. मी केबिनमध्ये येऊन 15 चे 14 केले, सणाचं नाव बदललं आणि पत्र पाठवलं.